तीन नंबरची बाटली

आम्ही बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना कॉलेजात पर्यावरणशास्त्र नावाचा एक नवा विषय आला, आणि तो कुणाचा हे कुणालाच कळेना. अर्थशास्त्रवाले म्हणाले वनस्पतीशास्त्राचा, वनस्पतीवाले म्हणाले प्राणीशास्त्राचा. नव्या सुनेकडे जसं सगळं काम सरकतं, तसा तो सरकत सरकत वनस्पतीशास्त्राच्या सगळ्यांत नव्या मॅडमकडे आला. त्यांना 'नाही' म्हणायची सोय नव्हती. आम्हाला तर नव्हतीच. विषय सक्तीचा. त्याच्या प्रयोगवहीवर मॅडमची सही नसेल तर परीक्षेचा अर्ज कचेरीत घेणार नव्हते.

माझं सगळं त्या अर्जावर टांगलेलं होतं. अक्काच्या नवऱ्यानं मद्रासला एका नव्या खाजगी कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. "जूनमध्ये डिग्रीचा कागद घेऊन ये, खुर्ची तुझी," असं तो म्हणाला होता. घरात त्या खुर्चीवर मी बसल्यासारखंच बोलणं चाले. आई ओट्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगे, तेही आमच्या मराठीत, म्हणजे पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहून निम्मं तमिळ झालेल्या.

वर्गात मला काय कळायचं म्हणाल, तर फळ्यावर खडूनं काढलेली वर्तुळं आणि बाण. पावसाचं पाणी समुद्रात, समुद्रातलं ढगात, ढगातलं परत पावसात. एवढ्यासाठी डिग्री कशाला, असं मी शेजारच्याला म्हणालो आणि मॅडमनी ते ऐकलं. बहुधा म्हणूनच त्यांनी मला सगळ्यांत अवघड प्रयोग दिला. गावातून जाणाऱ्या कालव्याचं पाणी तीन ठिकाणी भरायचं. गावात शिरतो तिथं एक नंबर, मधे पुलाखाली दोन नंबर, गावाबाहेर पडतो तिथं तीन नंबर. प्रत्येक बाटलीवर नंबर, स्वतःचं नाव आणि घरचा पत्ता. आणि भरल्यापासून दोन तासांत प्रयोगशाळेत आणायचं.

बाटल्या मी मोठ्या हौसेनं गोळा केल्या. तेव्हा प्यायचं पाणी विकत मिळायला नुकतीच सुरुवात झाली होती. दुकानात दूध-ताकाच्या किमतीला पाणी ठेवलेलं पाहून अप्पा, म्हणजे आमचे वडील, म्हणाले होते, "उद्या वाराही विकतील." स्टँडजवळच्या हॉटेलातून तीन रिकाम्या बाटल्या मागून आणल्या. लेबलं लिहून ठेवली. शुक्रवारी दुपारी सायकलीवर निघालो, तीनही ठिकाणी गुडघाभर पाण्यात उतरलो. तीन नंबरच्या जागी पाणी असं होतं की सांगायला नको. वरच्या अंगाला रंगाऱ्यांच्या मोऱ्या, धोब्यांचे दगड आणि गावाचं उरलंसुरलं सगळं.

आता दोन तास. पण त्या दिवशी शेजारच्यांकडे केबलवर क्रिकेटचा सामना होता. मी घाईघाईनं लेबलं चिकटवून बाटल्या मागच्या पडवीत रांगेनं ठेवल्या आणि मनाशी म्हणालो, पाणी काय, पळून जाणार आहे?

सकाळी बघतो तर तीन नंबरची बाटली निर्मळ. गंगेच्या गडूसारखी. तळाशी बोटभर राखाडी गाळ, वर आरपार दिसणारं पाणी. एक आणि दोन मात्र अजून मातकट.

मी उकिडवा बसून तिन्हीकडे पाहत राहिलो. गावात शिरताना गढूळ आणि गावाबाहेर पडताना स्वच्छ? असं कसं होईल? मला एकच खुलासा सुचला, आणि तो माझ्या स्वभावाला धरून होता: लेबलं मीच उलटी लावली असणार. चिकटवताना मी शेजाऱ्याच्या टीव्हीकडे कान देऊन होतो, हे मला आठवलं. मग मी एक आणि तीनची लेबलं थुंकी लावून सोडवली आणि अदलाबदल केली. आता सगळं बरोबर दिसत होतं. शास्त्र म्हणजे हेच असावं, असं वाटून बरंही वाटलं.

प्रयोगशाळेत मॅडमनी प्रत्येक पाण्यात दोन औषधं थेंब थेंब घातली. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. माझ्या स्वच्छ एक नंबरमध्ये पांढरा. दोनमध्ये फिकट तपकिरी. गढूळ तीनमध्ये चांगला कॉफीसारखा.

"हे उलटं आहे," मॅडम म्हणाल्या.

"हो मॅडम."

"म्हणजे गावात येताना पाणी मेलेलं, आणि सगळी घाण पोटात घेऊन बाहेर पडताना जिवंत? कसं?"

मला काय माहीत! पण वहीत 'कारणमीमांसा' असा रकाना होता, आणि रकाना रिकामा सोडायचा नाही हे कॉमर्समध्ये शिकलो होतो. मी लिहिलं की गावातल्या बायका दगडावर कपडे आपटतात, त्यामुळे पाण्यात हवा मिसळते, म्हणून गावातून गेल्यावर पाणी सुधारतं. सोमवारी मॅडमनी ते भर वर्गात वाचून दाखवलं. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, मग आम्ही रोज आंघोळीला जातो, आमचाही उपकार लिहा!"

हसणं थांबल्यावर मॅडम म्हणाल्या, "मला पटत नाही. पण कालव्यावर तू गेला होतास, मी नाही. परत पाणी आण. या वेळी मी सोबत येते."

गेलो. कालव्यात पाणीच नव्हतं. पोंगल होऊन दोनेक आठवडे झाले की वरून धरणाचं पाणी बंद होतं, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आम्ही दोघं काठावर उभे आणि खाली पात्रात पोरं स्टंप रोवत होती. आता जूनपर्यंत कालवा कोरडा, आणि अर्जाची शेवटची तारीख बारा दिवसांवर.

"पाणी नाही तर सही नाही," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर हे असं का झालं, ते शोधून काढ."

घरी येऊन मी आईसमोर डोक्याला हात लावून बसलो. बाटल्यांची सगळी कथा सांगितली. आई नारळ खवत होती. तिचा हात थांबला.

"ती मळकी बाटली? ती मी निवळले की."

"काय केलंस?"

"निवळीची बी सहाणेवर उगाळली आणि घातली. प्यायच्या कुडमातल्या पाण्यात रोज घालते ती. तुज ठाऊक नाही का?"

"आई, ते प्यायचं पाणी नव्हतं!"

"ते मज कळतं रे. पण वर तुझं नाव, घराचा पत्ता. चार लोकांत तसलं पाणी जाऊ देऊ? म्हणतील, यांच्या घरी हे पितात!"

"मग तिन्हींत का नाही घातलंस?"

"बाकीची दोन बरी होती," आई म्हणाली आणि परत खवू लागली. "मी काय उगीच बी नासू?"

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या टेबलापुढे उभा राहिलो आणि सगळा भार आईवर टाकला. निवळी, सहाण, पत्ता, घराण्याची अब्रू. निवळीचं तमिळ नाव ऐकताच मॅडमचा चेहराच उजळला. त्यांच्या आजीकडेही होती ती. गाळ बसतो पण विरघळलेली घाण जात नाही, असं त्या बोलत सुटल्या. मी मान हलवत राहिलो. सहीचं पेन त्यांच्या हातातच होतं.

मग त्या थांबल्या. "म्हणजे आईनं गावाबाहेरचं पाणी निवळलं. तीन नंबर."

"हो मॅडम."

"पण तुझ्या वहीत स्वच्छ आहे ते एक नंबर."

मी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

"लेबलं बदललीस?"

"मला वाटलं, चुकली असतील."

"वाटलं म्हणून बदललीस? आणि बदलली हे लिहिलं नाहीस?"

"चूक दुरुस्त केली, त्यात लिहायचं काय, असं..."

"बायकांच्या कपड्यांवर दीड पान लिहिलंस!"

खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी मला सगळा वर्ग हसल्याचा भास झाला. मॅडमनी वही बंद करून माझ्याकडे सरकवली. जे झालं ते क्रमानं लिही म्हणाल्या. क्रिकेट, पडवी, आईची बी, थुंकी लावून सोडवलेली लेबलं, सगळं. बाहेरून येणारे परीक्षकही ते वाचतील, हेही त्यांनी सांगून टाकलं.

मी चार पानं लिहिली. थुंकीच्या जागी 'ओलावा' लिहिला, तो त्यांनी खोडून परत थुंकी करून घेतला. शेवटी 'निष्कर्ष' असा रकाना होता. शेवटच्या तारखेला दुपारी मी तोच रकाना घेऊन त्यांच्यापुढे बसलो होतो.

"काय लिहू, मॅडम? पाणी स्वच्छ झालं?"

"झालं?"

"नाही. म्हणजे घाण राहिलं."

"सगळंच राहिलं?"

"गाळ गेला. पण प्राणवायू... तो निवळीनं गेला, की आधीच नव्हता, की पाणी रात्रभर पडवीत ठेवलं म्हणून गेला?"

"तू सांग."

मी खरंच विचार केला. त्या विषयात पहिल्यांदाच केला असेल. जितका केला तितकं कमी कळू लागलं. बाटल्या ओतून टाकल्या होत्या, कालवा कोरडा होता, आता विचारायचं कुणाला? शेवटी मी लिहिलं, 'या प्रयोगावरून नक्की काही सांगता येत नाही.' लिहिताना मद्रासची खुर्ची मागं मागं सरकताना दिसत होती.

मॅडमनी ती ओळ दोनदा वाचली. "हे बरोबर आहे," म्हणाल्या आणि खाली सही केली.

बरोबर काय होतं ते मला त्या दिवशी कळलं नाही, आणि विचारायलाही मी थांबलो नाही. कचेरीची खिडकी चार वाजता बंद व्हायची आणि चारला सात मिनिटं कमी होती.