भिकाने हात लावला नाही

माकुणसारच्या खाडीकडेला नरहरशेठची वाडी आहे. नारळ, सुपारी, थोडी केळी आणि मागच्या अंगाला पानवेली. या वाडीत भिका सतरा वर्षं राखणीला आहे. शेठचं घर वाडीतच, पण त्याला कुलूप. शेठ आणि त्यांची बायको सुलूबाई विरारला मुलाकडे, भावेशकडे राहायला गेली त्याला नऊ वर्षं झाली. पंधरवड्यातून एकदा त्यांची गाडी येते, डिकीत नारळ भरते, निघून जाते. बाकीचे दिवस वाडीत भिका असतो आणि पाण्याचा पंप असतो. पंप बंद केला की तोही आवाज नसतो.

भिका मूळचा विक्रमगडकडच्या डोंगरातला, वारली. डोंगरउतारावरच्या हलक्या, वरकस जमिनीच्या तुकड्यावर दोन भावांचं भागेना, म्हणून बायकोला आणि लहान मुलीला घेऊन तो खाली समुद्राकडे आला. बायको कमळी पाच वर्षांपूर्वी तापाने गेली. मुलगी दीपिका बोईसरला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागली आणि तिथेच तिघी मुलींनी मिळून खोली घेतली. तेव्हापासून भिका एकटाच. रस्त्याने जाणारे "काय भिका?" म्हणायचे, तो "हां" म्हणायचा. एखादा दिवस असाही जायचा की त्या एका "हां"शिवाय तोंडातून शब्द निघायचा नाही.

जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी तो मागचं कुंपण नीट करायला गेला. गुरांनी ते खाडीच्या बाजूने मोडलं होतं. कुंपणापलीकडे केवड्याचं बेट आहे आणि त्याला लागून खाडीवर उतरणारी पाऊलवाट. भिका कोयत्याने काटे ओढत होता. केवड्याच्या बुडाशी दुकानातली पातळ पिशवी दिसली, अर्धी फाटलेली, आणि तिच्यातून बाहेर आलेलं काहीतरी काळं. पंपाचा तुटका भाग असेल असं त्याला वाटलं. उचलायला तो वाकला, हात पुढे गेला, आणि मग नळीचं गोल तोंड त्याला दिसलं.

तो तसाच मागे सरकला. काटा पायात घुसला ते त्याला नंतर कळलं.

भिकाची थोरली बहीण सोमी बंदुकीनेच गेली होती. तो तेव्हा चौदा वर्षांचा, तिच्याकडेच राहायला. रानडुकरामागे गेलेले कोणी शिकारी जंगलखात्याच्या माणसांना पाहून पळाले आणि ठासणीची बंदूक ओहोळात टाकून गेले. सोमीच्या नवऱ्याला ती सापडली. चांगली वस्तू आहे म्हणून त्याने ती घरी आणून खुंटीला टांगली. आठ दिवस ती तिथे नुसती लोंबत होती. नवव्या दिवशी सोमी केर काढत असताना बंदूक खुंटीवरून निसटली आणि जमिनीवर आपटून उडाली. पुढे सोमीचा नवरा तुरुंगात गेला. चौकशीला आलेल्या पोलिसांनी घरातल्या सगळ्या पुरुषांना नेलं, भिकालाही. "बाकीच्या बंदुका कुठं?" एवढंच ते विचारत होते. भिकाला दोन दिवस ठाण्याच्या अंगणातल्या एका दगडावर बसवून ठेवलं होतं. हे त्याने कमळीला एकदाच सांगितलं होतं, दीपिकाला कधीच नाही.

म्हणून त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, आणि दुसऱ्या गोष्टीची भीती होती. सापडलेल्या बंदुकीला हात लावायचा नाही, हे ठाऊक होतं. भीती पोलिसांची होती.

त्याने आधी शेठला फोन लावला.

"काय रे, पंप बंद पडला काय?"

"नाय शेठ. वाडीच्या मागं बंदूक पडलीय. छोटी. पिस्तुल."

शेठनी विचारलं, "आपल्या हद्दीत की बाहेर?"

"बाहेर. हातभर बाहेर."

"मग आपला काय संबंध? हे बघ भिका, मला भानगड नको. काठीने ढकल आणि दे खाडीत टाकून. भरतीला जाईल वाहून."

"जड हाय, शेठ. जायची नाय. ओहोटीला बाया चिखलात उतरतात, त्यांच्या हाताला लागंल."

"तुला सांगितलं तेवढं कर," शेठ म्हणाले आणि फोन बंद झाला.

भिका खाडीकडे बघत राहिला. पाणी ओसरायला लागलं होतं. तासाभरात गावातल्या बाया टोपल्या घेऊन खेकडे धरायला याच वाटेने येणार होत्या. काठी घालायला जागा भरपूर होती, बघणारं कोणी नव्हतं. ढकलली असती तर चार पावलांचं काम. त्याने ते केलं नाही. करणार नाही असंही तो मनाशी म्हणाला नाही. त्याला ते करवेनाच.

मग त्याने दीपिकाला फोन लावला. वाजत राहिला, पण उचलला नाही. कंपनीत फोन लॉकरमध्ये ठेवावे लागतात हे त्याला माहीत होतं, तरी त्याने चार वेळा लावला. पाचव्यांदा कोणाला लावावा? फोनमध्ये नावं होती ती शेठ, भावेश, पंपवाला आणि दीपिका. एक कमळीचा नंबर होता. तो आता दुसऱ्याच कोणाचा तरी झाला असेल, पण भिकाने काढून टाकला नव्हता.

तो वाटेच्या कडेला, पिस्तुलापासून दहा-बारा पावलांवर बसून राहिला. जवळ बसायची हिंमत नव्हती आणि नजर हलवायचीही. पायातला काटा त्याने तिथेच बसून काढला.

पहिली आली ती जमना. कोळीवाड्यातली, पन्नाशीची, आवाजाने सगळ्यांना ठाऊक असलेली. तिच्याबरोबर आणखी दोघी होत्या. भिका उठून वाटेत उभा राहिला.

"इथनं जाऊ नका. बांधावरनं फिरून जा."

"का रं? वाट काय तुझ्या शेठची हाय?" जमना म्हणाली.

"बंदूक पडलीय तिथं."

जमनाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा केवड्याकडे. सतरा वर्षांत हा माणूस चेष्टा करताना तिने पाहिला नव्हता. तिने दोघींना परत पाठवलं आणि स्वतः वाटेच्या वरच्या टोकाला टोपली पालथी घालून बसली. "मी हितं बसते. येईल त्याला फिरवते. तू तिकडं बघ."

पण कमलेश वरच्या वाटेने आलाच नाही. तो केळ्यांचा टेम्पो चालवतो. गाडी बांधावर लावून लघवीला खाली उतरला, तो थेट केवड्याच्या दुसऱ्या बाजूनेच. पिशवी त्याला दिसली, काय आहे तेही कळलं.

"आयला! खरी हाय काय?" तो पुढे झाला. "बघू तरी."

"हात नको लावू," भिका म्हणाला.

"अरे फोटो काढतो एक. उचलतो फक्त."

"मागे हो!"

हा आवाज भिकाचाच होता. केळीतून दोन बगळे उडाले, इतका मोठा. जमना जागची उठली. भिकाने हातातला कोयता लांब फेकला, उगाच कोणाचा गैरसमज नको म्हणून, आणि दोन्ही हात पसरून तो कमलेश आणि पिस्तुलाच्या मध्ये उभा राहिला.

"भरलेली असंल तर? तुझा हात लागला आन् उडाली तर? मी पायलंय एकदा. मागे हो, कमलेश."

कमलेश मागे झाला. "बरं बाबा," म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, "पोलिसांना कळवलं?"

भिकाने मान हलवली. नाही.

एक वाजता दीपिकाचा फोन आला. जेवणाची सुट्टी झाली होती. चार वेळा बाबाचा फोन आलेला बघून ती घाबरलेलीच होती. भिकाने सांगितलं.

"हात लावला नाय ना?"

"नाय."

"बरं केलं. आमच्या कंपनीत सेफ्टीवाले तेच सांगतात. अनोळखी वस्तू दिसली तर हलवायची नाय, लांब राहायचं, माणसं लांब ठेवायची आणि फोन करायचा. बाबा, एकशे बारा लाव."

"मला नेतील, दीपू."

"का नेतील? तू काय केलं?"

"मागं पण काय नव्हतं केलं," भिका म्हणाला. तिला ते कळायचं काही कारण नव्हतं.

"मी येते मग. मॅडमला सांगून निघते."

"नको. खाडा पडंल. लावतो मी."

एकशे बाराला एका बाईने फोन घेतला. कुठे, काय, कधी दिसलं, एकेक तिने शांतपणे विचारलं. गावाचं नाव, वाडीचं नाव, जवळची खूण. "तुम्ही किंवा कोणी हात लावला आहे का?" नाय. "तुम्ही ओळखू येईल अशा जागी थांबा. जवळ जाऊ नका, कोणाला जाऊ देऊ नका. गाडी निघते आहे. तुमच्या घरचं कोणी सोबत आहे का?"

"कोणी नाय," भिका म्हणाला. मग वाटेच्या टोकाशी बसलेल्या जमनाकडे त्याचं लक्ष गेलं. "एक बाई हाय. गावातली."

पोलिसांची गाडी यायला पाऊण तास लागला. फौजदार जागृती मॅडम आणि त्यांच्यासोबत दिपेश हवालदार. मॅडम वयाने दीपिकाहून फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी आधी सगळ्यांना आणखी मागे केलं, फोटो काढले, मोजपट्टीने अंतर घेतलं. हवालदाराने हातमोजे चढवून पिस्तुल उचललं, नळी खाडीकडे धरून त्यातल्या गोळ्या काढल्या. तीन होत्या. एक तर अगदी उडायच्या तयारीत नळीत बसलेली.

"गावठी बनावटीचं आहे," हवालदार कमलेशला म्हणाले, "याचा काही भरवसा नसतो. नुसतं आपटलं तरी उडेल." कमलेशने आपला हात खिशात घातला.

पंचनाम्यावर पंच म्हणून जमनाने अंगठा दिला आणि कमलेशने सही केली. मग मॅडम भिकाला म्हणाल्या, "काका, जबाबासाठी ठाण्यात यावं लागेल."

भिकाचा चेहरा उतरला. "मॅडम, मी लावला नाय हात."

"माहीत आहे. म्हणूनच तुमचा जबाब हवा. लिहून झालं की सोडतो."

जीपमध्ये तो मागच्या बाकावर अगदी कडेला बसला. गावातून जाताना दुकानासमोरच्या माणसांनी पाहिलं, आणि गाडी पुढे जायच्या आत गावात बातमी झाली की भिकाला पोलिसांनी उचलला.

ठाण्यात त्याला खुर्ची दिली. तो बसेना, तेव्हा मॅडमनी पुन्हा सांगितलं. चहा आला. नाव, वय, काम. "घरात कोण कोण?" एकटाच. "सर्वात आधी फोन कोणाला केला?"

"शेठला."

"ते काय म्हणाले?"

भिका चहाच्या कपाकडे बघत राहिला. शेठचं मीठ सतरा वर्षं खाल्लं होतं. कमळी गेली तेव्हा गाडी शेठनीच दिली होती. पण खोटं सांगावं तर पुढे काय सांगायचं हेही त्याला सुचेना.

"खाडीत टाक म्हणाले," तो म्हणाला.

मॅडमनी ते लिहून घेतलं. वाचून दाखवलं. भिकाने खाली सही केली, दीपिकाने शिकवलेली, एकेक अक्षर सुटं. संध्याकाळी सहाच्या सुमारास हवालदारांनी त्याला फाट्यापर्यंत सोडलं. वाडीपर्यंत तो चालत आला. घरी येऊन त्याने पंप चालू केला. पाणी द्यायची वेळ टळून गेली होती.

दुसऱ्या दिवशी शेठ आणि सुलूबाई आली. ठाण्यातून शेठना फोन गेला होता. काही झालं नव्हतं, फक्त विचारणा झाली होती, पण शेठचा आवाज चढलेला होता. "माझं नाव घ्यायची काय गरज होती? इतकी वर्षं तुला घरच्यासारखं ठेवलं!"

"त्यांनी इचारलं, शेठ."

"विचारलं म्हणून सांगायचं?"

"अहो, पुरे आता," सुलूबाई मध्येच म्हणाल्या. "उद्या त्या चिखलात कोणाच्या पोराबाळाच्या हाती लागलं असतं, तर काय तोंड दाखवलं असतं गावाला?"

शेठ गाडीत जाऊन बसले. नारळ न भरताच गाडी गेली. काम सुटलं नाही, पण त्या दिवसापासून शेठचा फोन यायचा थांबला. काही सांगायचं असेल तर भावेशचा निरोप येतो. तो पंप, खत, नारळ याबद्दल सांगतो आणि फोन ठेवतो.

महिन्याभराने दिपेश हवालदार वाटेत भेटले. महामार्गावर लूट करून पळालेल्या एकाने ते पिस्तुल टाकलं होतं, तो पकडला गेला, असं त्यांनी सांगितलं. "कोर्टात बोलावलं तर यावं लागेल हां, भिका." भिका "हां" म्हणाला. गावात मात्र काही लोक अजून म्हणतात की भिकाचं त्यात काहीतरी होतंच, नाहीतर इतके तास ठाण्यात कशाला ठेवतील? जमना असेल तिथे ती त्यांना झाडते. पण ती सगळीकडे कशी असणार?

पिस्तुल सापडलं त्या आठवड्यातल्या रविवारी दीपिका आली होती. दुपारी दोघांनी भात आणि सुक्या बोंबलाची आमटी खाल्ली. तिला चारची एसटी धरायची होती. थांब्यावर उभं असताना तिने विचारलं, "बाबा, भीती नाय वाटली?"

"वाटली ना. तू फोन उचलत नव्हतीस."

तिने मान फिरवून रस्त्याकडे पाहिलं. एसटी आली, ती चढली, खिडकीतून हात केला.

आता ती रोज एक वाजता, जेवणाच्या सुट्टीत फोन करते. भिका त्याआधी पंप बंद करून आपल्या खोलीच्या पायरीवर येऊन बसतो. "जेवलास?" ती विचारते. "जेवलो. तू?" "बसतेय आता." मग दोघांनाही पुढचं सुचत नाही. मागे तिच्या मैत्रिणींचं हिंदी ऐकू येतं, डब्यांचे आवाज येतात. दीपिका लगेच फोन ठेवत नाही, आणि भिका ते आवाज ऐकत बसून राहतो.