भावजींची गळकी मोटार

भावजी गेल्याचं अक्काने फोनवर सांगितलं, तेव्हा मी टाउन बसमध्ये उभा होतो. "तुझे भावजी गेले रे, गोविंदा… कॉफी मागितली, आणि ती येईपर्यंत थांबले नाहीत." उतरून उलट दिशेची बस धरली. खरं सांगतो, त्या वाटेवर मला दुःखाआधी राग आला. दिवाळीपासून या माणसाने मला रविवारी बोलावणंच बंद केलं होतं, आणि का, ते न सांगताच निघून गेला.

भावजी, म्हणजे सेतुराव, माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत घर, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवण्यात हयात गेलेली, आणि दारात वडिलांच्या वेळची काळी मोटार. ती गळायची. इंजिन थंड ठेवणारं ते हिरवं पाणी कुठून ना कुठून वाट काढायचंच. म्हणून संध्याकाळी भावजी गाडीखाली जुनी पांढरी वेष्टी, म्हणजे आपलं धोतर, अंथरायचे. सकाळी हिरवा डाग जिथे पडलेला असेल, त्याच्या वर शोध सुरू. रविवारी मी टॉर्च धरायचा, त्यांनी बॉनेटमध्ये डोकं घालायचं. कधी होज पाइपची क्लिप सैल, कधी पंपाचं गास्केट गेलेलं, कधी रेडिएटरच्या नळीला टाचणीएवढं भोक. इंजिन गार झाल्याशिवाय रेडिएटरच्या झाकणाला हात लावू देत नसत. तोवर कॉफी आणि माझी फिरकी. "बँकेत शिक्के मारलेस जन्मभर, टॉर्च तरी सरळ धर!"

आमच्याकडे रेडिएटर गळू लागला की ड्रायव्हर लोक त्यात मूठभर हळद टाकतात. ती भोकात जाऊन बसते आणि गाडी कशीबशी घरी पोचते. एकदा लग्नाला जाताना कुंभकोणमच्या रस्त्यावर, भातशेताच्या मधोमध, आमची गाडी वाफ सोडू लागली. एका लॉरीवाल्याने थांबून आपणहून हळदीची पुडी पुढे केली. भावजी भडकले. "हा रेडिएटर आहे की सांबाराचं पातेलं? गळती शोधायची असते, बुजवायची नसते!" तो बिचारा हसत निघून गेला. अक्का रेशमी साडीत कालव्याच्या काठावर बसून राहिली. तिकडे लग्न लागलं, पंगती उठल्या, आणि इकडे आम्ही होज बदलत होतो. नंतर कितीतरी दिवस ती दोघांशीही बोलली नाही.

असा हा हट्टी माणूस… आणि दिवाळीनंतर फोन केला की म्हणायचा, "गाडी बरी आहे. गळत नाही. तू कशाला येतोस उन्हाचा?" तरी मी गेलो. भावजी ओट्यावर बसलेले, दोन्ही हात उपरण्यात गुंडाळलेले. गाडीखालची वेष्टी कोरी करकरीत. मला वाटलं, दुसरा कुणी मेकॅनिक धरला असणार. मत्सर वाटला, हो, या वयात! मग मीही जाणं सोडलं.

दिवसकार्य उरकल्यावर अक्का म्हणाली, "गाडी एकदा चालू करून बघ रे." मी बॉनेट उघडलं, रेडिएटरचं झाकण फिरवलं. आत हिरव्याऐवजी पिवळं गढूळ पाणी, झाकणाच्या आतून पिवळा चिकट थर, आणि वास थेट स्वयंपाकघराचा.

"अक्का! हे काय?"

"अय्यो, ओरडतोस कशाला? मीच दिली हळद." ती पायरीवर बसली. "हात कापायचे रे त्यांचे. पान्हा धरवेना. क्लिप आवळायला गेले आणि स्क्रू निसटून खाली पडला, तो दुपारभर शोधत बसले. मग म्हणाले, हळद आण. गोविंदाला सांगू नको."

"मी काय हसलो असतो?"

"तेच मी विचारलं. म्हणाले, हसेल तर हसू दे. तो माझ्या हातातला पान्हा काढून घेईल."

घेतलाच असता. माया करतोय असं समजून घेतला असता, वर "भावजी, तुम्ही टॉर्च धरा" असंही म्हणालो असतो. फार वाईट वाटलं. अक्काला दिसू नये म्हणून बराच वेळ बॉनेटमध्ये डोकं घालून उभा राहिलो.

मग किल्ली फिरवली. कुरकुर करून इंजिन लागलं. खाली थेंब नाही. खरं तर ते पाणी काढून रेडिएटर धुवायला हवा, भोक शोधून डाग द्यायला हवा. भावजींनीच शिकवलंय. पण मी झाकण घट्ट लावलं. दर रविवारी जातो, वेष्टी बघतो, इंजिन थोडा वेळ चालवतो आणि ते गार होईपर्यंत ओट्यावर कॉफी पितो. पान्हा त्यांनी ठेवला तिथेच आहे. हळद अजून धरून आहे.