घराची पाठ पावसाकडे

आज दुपारी डोळखांबच्या पुढे, शेताच्या कडेला आमची कॅम्पर व्हॅन उभी होती आणि आतली गादी भिजत होती.

सरकत्या दाराच्या फटीतून पाणी येत होतं. मी आणि माझा नवरा मंदार, दोघांनी फटीत टॉवेल कोंबले, चिकटपट्ट्या लावल्या, बाहेरून ताडपत्री धरून बघितली. तासाभराने मंदार वैतागून म्हणाला, "चल, डोंबिवलीला परत जाऊ."

तेवढ्यात डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेतलेल्या एक मावशी बांधावरून आल्या.

"गाडी बंद पडली का?"

"नाही मावशी, चालू आहे."

"मग फिरवा ना. पाऊस तिकडून मारतो, तुमचं दार पण तिकडंच. आमचं घर फिरत नाय, म्हणून आमी त्या अंगाला पेंढा बांधतो."

मंदारने गाडी फिरवून उलट्या तोंडाने लावली. पाणी यायचं थांबलं.

मावशींना आत बसवून चहा दिला. त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या घरी पाऊस कुठून मारतो?"

नऊ वर्षं राहतोय डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये, आणि दोघांनाही सांगता आलं नाही.

तुमच्याकडे कुठून मारतो?