गाड्यांवरचं नाव

प्रियंका गजभियेला माणसं पटकन आवडत नाहीत, आणि माणसांनाही ती फारशी आवडत नाही. जबलपूरच्या रिछाई या कारखान्यांच्या भागात तिचं पत्र्याचं शेड आहे, लोखंडी कामाचं. ते वडिलांनी, अंबादासजींनी टाकलेलं. भंडाऱ्याकडून जबलपूरला आलेला हा माणूस जन्मभर कारखान्यात वेल्डर होता. वडील गेल्यावर प्रियंकाने किल्ली स्वतःकडे घेतली. धाकटा भाऊ अश्वजीत वेल्डिंग करायचा; माल, हिशेब आणि भांडणं तिच्याकडे.

गिऱ्हाईक खरं तर एकच होतं. भय्यासाहेब मोघे, नगर निगमाला, म्हणजे तिथल्या महापालिकेला, कचऱ्याच्या हातगाड्या पुरवणारे ठेकेदार. गाड्या या शेडमध्ये बनायच्या आणि त्यांच्यावर नाव मोघ्यांच्या फर्मचं रंगवलं जायचं. भय्यासाहेब तिच्याशी मराठीत बोलायचे, ‘आपलीच माणसं’ म्हणायचे, आणि तहान लागली की स्वतःच्या मोटारीतली पाण्याची बाटली मागवायचे. प्रियंका ते पाहायची.

मग एका उन्हाळ्यात गाड्यांची चाकं निखळू लागली. चाकं भय्यासाहेबांनीच कुठूनशी स्वस्तात आणून दिली होती. तरी त्यांनी प्रियंकाला निगमाच्या स्टोअरमध्ये नेलं, अधिकाऱ्यापुढे उभं केलं आणि म्हणाले, “लेबर की गलती है सर, इनको समझा दिया है.”

त्या संध्याकाळी घमापूरच्या घराचा जिना चढताना तिने अश्वजीतला सांगून टाकलं, की पुढचं टेंडर आपण आपल्या नावाने भरायचं. अश्वजीतने मान हलवली. तिला वाटलं, तो हो म्हणाला.

टेंडरमध्ये आधीच्या पुरवठ्याचा दाखला मागितला होता. तो फक्त भय्यासाहेब देऊ शकत होते. ती त्यांच्या बंगल्यावर गेली, तर त्यांनी तिला व्हरांड्यातच थांबवलं.

“पुरवठा तू कधी केलास? पुरवठा मी केला. तू मजुरी केलीस,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. शिकवणीतल्या मुलीला चूक दाखवावी तसं बोलले.

ती तशीच परतली. त्यानंतर शेडला त्यांचं काम आलं नाही, आणि पाइपवाल्याने उधारी बंद केली. त्याला कोणी सांगितलं, हे विचारायची गरज नव्हती. प्रियंकाने टेंडरच्या अटी पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. नोंदणी असलेल्या छोट्या कारखान्यांना दाखल्यातून सूट होती. शेडची नोंदणी होतीच. तिने डिजिटल सही काढली, सायबर कॅफेत बसून अर्ज चढवला आणि दर भरला. कॅफेवाल्यालाही तिने बाजूला सरकायला लावलं. तो दर फक्त तिला आणि अश्वजीतला माहीत होता.

नमुने तपासायच्या दिवशी स्टोअरच्या अंगणात दोन गाड्या उभ्या होत्या, एक तिची आणि एक भय्यासाहेबांची. दोन्हींत वाळूच्या गोण्या टाकून माणसांनी त्या खडीवरून ओढल्या. दोन्ही पास झाल्या. भय्यासाहेबांच्या गाडीच्या दांड्याजवळ वाकून प्रियंकाने जोड पाहिला आणि त्यावरून बोट फिरवलं; वेल्डिंगची ती रेघ तिच्या ओळखीची होती. ते काम अश्वजीतचं होतं. मागच्या महिन्यात तीन दिवस तो शहपुऱ्याला मित्राच्या लग्नाला गेला होता, असं तो म्हणाला होता.

दर उघडले तेव्हा भय्यासाहेबांचा दर तिच्यापेक्षा अगदी थोडा खाली निघाला. काम त्यांना मिळालं.

शेडवर पोचल्यावर तिने अश्वजीतला मशीन बंद करायला लावलं.

“दर तू सांगितला?”

अश्वजीतने तोंडावरचा वेल्डिंगचा मुखवटा वर केला. “हो.”

“काहून?”

“तू हरली असती तर आपल्याले कोण काम देणार होतं, दीदी? कोणी तरी एक पाय तिकडं ठेवाले पाहिजे होता. तू भांडून राहिली, पण पोट तर दोघांचं आहे ना.”

“मी हरली नव्हती. तू हरवलं मले.” तिने त्याच्या हातातली वेल्डिंगची कांडी काढून घेतली आणि दाराकडे बोट दाखवलं. तो निघून गेला.

आठवड्याभरात भय्यासाहेब स्वतः आले. काम मिळालं होतं, पण गाड्या करायला शेड नव्हतं, पाइप वाकवायचं मशीन नव्हतं. ते हसून म्हणाले, की झालं गेलं विसर, सगळ्या गाड्या तूच कर, दोन पैसे जास्त घे.

प्रियंकाने त्यांना बसायला सांगितलं नाही. “नाव कोणाचं राहील?”

“नाव फर्मचंच राहणार ना.”

“मग फर्मकडूनच करून घ्या.”

“हट्टाने पोट भरत नाही, बाई. गावात दुसरा कोण देणार तुला काम?”

“मले माहीत नाही,” ती म्हणाली. “पण तुमचं काम मी करून राहिली नाही.” आणि ते दारात असतानाच तिने शटर अर्ध्यावर ओढलं. भय्यासाहेबांना वाकून बाहेर पडावं लागलं.

त्यांनी रिछाईतच दुसरं शेड भाड्याने घेतलं आणि अश्वजीतला तिथे फोरमन केलं. गाड्या उशिरा गेल्या, पण गेल्या. प्रियंकाचं शेड तीन महिने रिकामं होतं. त्या काळात तिने लोकांच्या खिडक्यांच्या जाळ्या केल्या, स्वतः वेल्डिंग शिकली, हात भाजून घेतले. मग शहपुऱ्याच्या नगर परिषदेचं कचऱ्याच्या गाड्यांचं छोटं टेंडर निघालं. तिने भरलं आणि तिला मिळालं. तिथल्या तपासणीच्या वेळी कोणीतरी आधीच कळवून ठेवलं होतं की हिचा माल कच्चा असतो. म्हणून त्यांनी प्रत्येक गाडी वेगळी ओढून पाहिली. ती बाजूला हात बांधून उभी राहिली. सगळ्या गाड्या घेतल्या गेल्या. त्यांच्यावर ‘गजभिये’ असं पिवळ्या रंगात लिहिलेलं आहे.

बहीणभाऊ अजून घमापूरच्या त्याच घरात राहतात. आई, पार्वताबाई, आधी एकाला वाढते, तो उठला की दुसरीला. एकदा तिने दोघांची ताटं शेजारी मांडून पाहिली. प्रियंका आपलं ताट उचलून गच्चीवर गेली.

निगमाचं पुढचं टेंडर या महिन्यात निघणार आहे. भय्यासाहेबांकडून अश्वजीत नमुना करतोय, इकडून प्रियंका. दर तिने या वेळी घरात कोणालाच सांगितलेला नाही.