गूगलचा गिरदावर

मोहल्ल्यात माझ्या शेजारी राहणारे मास्तर शाळेत गणित शिकवतात आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या वेबसाइट बनवून देतात. हातातला चहा संपेपर्यंत ते बरी-वाईट कुठलीच बातमी सांगत नाहीत. वेबसाइटची पानं पाहत हिंडणाऱ्या गूगलच्या यंत्राला ते गिरदावर म्हणतात, कारण महसूल खात्याचा गावोगाव फिरणारा अधिकारी आमच्याकडे गिरदावरच. साइटमॅप म्हणजे त्याला दिलेली गावांची यादी. रोबोट्सची फाइल म्हणजे ‘इकडे येऊ नये’ ही पाटी.

जगाच्या अवस्थेवरचे माझे लेख मास्तरांनीच वेबसाइटवर चढवले. तेव्हापासून कोणीतरी नेमाने येऊन एकूण एक पान उघडत होतं. असा निष्ठावंत वाचक मिळाल्यावर मी लेख लांबवले, मध्येमध्ये ‘सुजाण वाचकहो’ असंही लिहू लागलो. परवा त्या भेटींच्या नोंदी मास्तरांना ऐटीत दाखवल्या.

त्यांनी चहा संपवला.

“भाऊ, हा मानूस नोहे. गिरदावर साहेब हायेत.”

“मंग मानसं?”

“यादी द्याचं काम आपलं. साहेबाच्या मांगं गाव येईनच, असं नाई.”

“मंग त्याले बी बंद करा!” मी चिडलो.

मास्तरांनी रोबोट्सची फाइल उघडली, मनाईची ओळ लिहिली आणि माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहत राहिलो. त्यांनी ओळ पुसली.

“येऊ द्या, भाऊ. पुरं वाचून तर जाते. माह्याच्यानं तुमचा पयला लेख बी सरला नाई.”