चीज नसलेलं बटाट्याचं चीज

मिरजेत शैलजा पाटणकर बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवायची तेव्हा तिचा आवाज बाहेर व्हरांड्यातून जाणाऱ्यालाही ऐकू यायचा. मग लग्न झालं. नरेंद्रच्या संशोधनापायी आधी जर्मनीत रेगेन्सबुर्गला आणि तिथून जपानमध्ये सेंदाईला बिऱ्हाड हललं, आणि या हलवाहलवीत तो आवाज कुठे गेला ते तिचं तिलाच कळलं नाही. सेंदाईत दाराची बेल वाजली तरी ती दाराआड थबकायची. पार्सलवाला काय विचारेल, आपण काय उत्तर देऊ, आणि चुकलो तर तो कसा बघेल, या विचारानेच तिचे तळहात ओले व्हायचे.

त्यावर तिने आपल्यापुरता एक उपाय शोधला होता. समोरच्याने काही विचारलं की हसून मान तुकवायची आणि म्हणायचं, "हाय." जपानीत हाय म्हणजे हो. बहुतेक वेळा त्यातून एवढंच व्हायचं की दुकानदार नको असताना डबा गरम करून द्यायचा. नेत्रा, तिची तिसरीतली मुलगी, एकदा म्हणाली होती, "आई, तू न कळता हो म्हणतेस." शैलजाने तेही हसण्यावारी नेलं होतं.

रेगेन्सबुर्गमधून तिने आणलेली एकच गोष्ट तिला मनापासून आपली वाटायची. तिथल्या घरमालकीण लिंडनरबाईंनी तिला पावाला लावायचं एक बटाट्याचं प्रकरण शिकवलं होतं. उकडलेले बटाटे गरम असतानाच कुस्करायचे, त्यात अगदी बारीक कांदा, आंबट साय, मीठ, मिरपूड आणि शहाजिऱ्यासारखं दिसणारं तिकडचं जिरं घालायचं. त्याला म्हणायचं कार्टोफेलकेझे, म्हणजे बटाट्याचं चीज. चीज त्यात नावालाही नसायचं. लिंडनरबाई सांगायच्या की गरिबीच्या दिवसांत चीज परवडत नसे, म्हणून बटाट्यालाच चीज म्हणायचे. शैलजाला ते दह्यातल्या भरताच्या जवळचं वाटलं. सेंदाईत तशी आंबट साय सहज मिळायची नाही, म्हणून ती दही टांगून चक्का करायची आणि त्यात थोडं क्रीम फेटायची. नरेंद्र म्हणायचा की मूळच्यापेक्षा हेच चांगलं लागतं.

सेंदाईत शरद ऋतूत लोक नदीकाठी जमतात, दगडांची चूल मांडतात आणि मोठ्या पातेल्यात आळकुड्यांचं कालवण रटरटवतात. त्या वर्षी इमारतीतल्या मुलांच्या मंडळाने हिरोसे नदीच्या काठावर असाच बेत ठरवला. कालवणात डुकराचं मांस असणार, म्हणून शैलजा आपला डबा आणि कापलेला पाव घेऊन गेली. हवा स्वच्छ होती, मुलं पाण्यात दगड फेकत होती. तिने पावाच्या चकत्यांवर बटाटा लावून ताट पुढे केलं. दोनतीन बायका कौतुकाने चव घेऊ लागल्या. नाव सांगितल्यावर एकीने भुवया उंचावल्या, तेव्हा शैलजाने आपल्या मोडक्या जपानीत गंमत सांगितली, की नाव फक्त चीज, आत चीज नाही. सगळ्या हसल्या. परक्या भाषेत आपण लोकांना हसवलं, याचा तिला इतका आनंद झाला की कान गरम झाले.

कुमागाई-सान त्याच वेळी जवळ आली. ती त्यांच्याच मजल्यावर राहायची. पाच वर्षांची कोहारु तिचा हात धरून उभी होती. मुलीसाठी तिने घरून वेगळा पाव आणला होता. शैलजाने ते पाहिलं, पण तिला तो आईचा नीटनेटकेपणा वाटला. कुमागाई-सानने डब्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. वाक्य लांब होतं. त्यातला न्यूसेइहिन हा शब्द शैलजाने कधी ऐकला नव्हता. बहुधा मांस आहे का असं विचारत असेल, असं तिच्या मनात आलं. सगळे तिच्याकडे बघत होते.

"हाय," शैलजा म्हणाली.

कुमागाई-सानने आपल्या पावावर तो बटाटा लावून कोहारुला दिला.

अर्धा पाव संपायच्या आत कोहारु खोकायला लागली. आधी वाटलं घास अडकला. मग तिने ओठ खाजवले, आणि बघता बघता ते सुजले, गळ्यावर लाल गांधी उठल्या. श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. कुमागाई-सान डब्यावर झुकली, वास घेतला आणि जवळ आलेल्या नेत्राला काहीतरी विचारलं. शाळेमुळे नेत्राला जपानी चांगलं यायचं. नेत्राचा चेहरा पांढरा पडला.

"आई, यात दूध आहे का? दही, क्रीम, असलं काही? कोहारुला दुधाची अॅलर्जी आहे."

दूध असं विचारलं असतं तर तो शब्द तिला येत होता. न्यूसेइहिन म्हणजे दुधाचे पदार्थ, आणि ते यात नाहीत ना, असं विचारलं होतं. जपानीत त्याला हाय म्हणजे 'हो, नाहीत'. तिने दही आणि क्रीम हे दोन शब्द जपानीत सांगितले.

"सायकल! लाल पिशवी!" कुमागाई-सान ओरडली. हे मात्र शैलजाला कळलं. ती बांधावर धावली. चप्पल वाटेतच निसटली, गोट्यांवर गुडघा फुटला. सायकलच्या टोपलीतली लाल पिशवी घेऊन ती परत आली तेव्हा कोहारुचे ओठ निळसर दिसत होते. कुमागाई-सानने पिशवीतून इंजेक्शनचं पेन काढलं आणि शैलजाला पाय धरायची खूण केली. शैलजाने ते बारके पाय घट्ट धरले. पेन विजारीवरूनच मांडीत घुसलं, कोहारु एकदाच किंचाळली, आणि त्या किंकाळीने शैलजाच्या जिवात जीव आला, कारण किंचाळायला श्वास लागतो.

अँब्युलन्सच्या माणसांनी डबाही बरोबर नेला. नदीकाठी पातेलं तसंच रटरटत राहिलं.

मुलीला रात्रभर दवाखान्यात ठेवणार, कारण त्रास पुन्हा उसळू शकतो, एवढंच समजलं. घरी शैलजाच्या डोक्यात नाही नाही ते येत राहिलं. पोलीस येतील, नरेंद्रच्या विद्यापीठात कळेल, नेत्राशी शाळेत कोणी बोलणार नाही. मग लाज वाटायची, की तिकडे पोर अंथरुणावर आहे आणि आपण हे काय मोजतोय.

दुसऱ्या दिवशी कोहारु सुखरूप घरी आली. संध्याकाळी कुमागाई-सान स्वतः दारात उभी राहिली, वाकली आणि म्हणाली की मी घाईत विचारलं, नीट खात्री केली नाही, चूक माझीच. शैलजाही सवयीने नुसती वाकली.

दार लागल्यावर नरेंद्र हळूच म्हणाला, "ती स्वतःवर घेतेय, तर राहू दे ना. मुलगी बरी आहे. कशाला उकरून काढायचं?"

शैलजाला ते हवंहवंसं वाटलं, म्हणूनच ती जास्त घाबरली. सकाळी ती एकटीच गेली. नेत्राला बरोबर घेतलं नाही. आपलं ओझं पोरीच्या जिभेवर द्यायचं नव्हतं. घरी पाठ केलेली वाक्यं तिने दारात उभ्या उभ्या म्हटली. चूक तुमची नाही. तुम्ही विचारलंत. मला कळलं नव्हतं.

"मग हो का म्हणालात?" कुमागाई-सानने सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं.

"भीती वाटली."

"कशाची?"

"कळलं नाही, असं म्हणायची."

कुमागाई-सानचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता. "त्या दिवशी मला वाटलं, कोहारु गेली," ती म्हणाली आणि दार हलकेच लावून घेतलं.

त्यानंतर हिवाळाभर दोघींत फक्त मान तुकवणं राहिलं. लिफ्टमध्ये शैलजा दिसली की कोहारु आईच्या कोटामागे लपायची, आणि त्या दोघी जिन्याने जायच्या. ते पाहून शैलजाला घराबाहेर पडायचाच धसका बसला. कचरा टाकायलाही ती कानोसा घेऊन निघायची. बटाटे आणायचे तर नरेंद्रच आणायचा.

बर्फ वितळायला लागला तेव्हा एका दुपारी बेल वाजली. कुमागाई-सान होती. हातात तसंच पेन होतं, पण सुईविना, सरावाचं. ती सोप्या शब्दांत बोलली. मुलांच्या मंडळात कोहारुची नेत्राशी गट्टी जमली आहे, तिला इथे खेळायला यायचं आहे, सारखी मागे लागली आहे. मला अजून भीती वाटते. पण ज्या घरात ती जाईल तिथे हे कुणाला तरी यायला हवं.

तिने शैलजाला जमिनीवर बसवलं आणि स्वतःच्याच मांडीवर पेन टेकवायला लावलं. झाकण काढायचं, मुठीत धरायचं, दाबायचं, धरून ठेवायचं. पहिल्यांदा शैलजाने उलटं धरलं. दुसऱ्यांदा पेन मांडीवरून घसरलं. कुमागाई-सान म्हणाली, "पुन्हा." मांडीवर लाल वर्तुळ उमटेपर्यंत ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. थांब म्हणाली नाही, शाबासही म्हणाली नाही.

शनिवारी कोहारु आली. लाल पिशवी तिने स्वतःच फ्रिजशेजारच्या खुंटीला अडकवली आणि नेत्राच्या खोलीत पळाली. खाऊ आईने बरोबर दिला होता. शैलजाने तरीही सकाळीच ओटा दोनदा पुसला होता, दह्याचं भांडं आतल्या कप्प्यात ढकललं होतं. आतून मुलींच्या हसण्याचा आवाज येत होता. मध्येच कोहारु खोकली. शैलजा एका ढांगेत दारात पोचली. खोकला नुसता खोकलाच होता. मुलींनी वर पाहिलं, आणि पुन्हा खेळात डोकं घातलं. शैलजा मात्र त्या संध्याकाळी, कुमागाई-सान न्यायला येईपर्यंत, दारातून हलली नाही.