घुग्घुसची मंडळी बंद केली तेव्हा

घुग्घुसची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची तिथली छोटी शाखा, बंद करायची असं ज्या सभेत ठरलं, त्या सभेत मी होते आणि माझाही हात वर होता. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून कोणाला वाटायचं, की मी बाजूला उभी राहून नुसती बघत होते. तसं नव्हतं. ती मंडळी सुरू करा म्हणून कमिटीच्या मागे लागलेलीही मीच होते.

आमचं चर्च चंद्रपुरात, जुनं. मी शहरातल्या एका दवाखान्यात नर्स होते. निवृत्त झाल्यावर चर्चच्या कमिटीत आले. तेव्हा दर रविवारी घुग्घुसहून काही कुटुंबं भक्तीला यायची. कोळशाच्या खाणीत नाहीतर सिमेंटच्या कारखान्यात कामाला असलेली माणसं. कोणी तेलंगणातून आलेलं, कोणी छत्तीसगडातून, दोन-तीन घरं इथलीच. ट्रकांच्या मागे रखडत येणाऱ्या बसमधून उतरेपर्यंत बायकांचे पदर धुळीनं भरलेले असायचे आणि लेकरं उन्हानं मलूल. एकदा एका बाळंतिणीला भक्ती चालू असतानाच घेरी आली. तिला मागच्या खोलीत निजवून पाणी पाजताना माझ्या मनात आलं, एवढ्या माणसांनी इकडे येण्यापेक्षा आपला एक माणूस तिकडे गेला तर काय बिघडेल?

कमिटीला पटायला वर्ष गेलं. मग एका तरुण पाळकाला, म्हणजे पास्टरला, घुग्घुसला नेमलं. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. बायको मूल तालुक्यातल्या धानाच्या गावची, बोलायला मोकळी आणि कामाला वाघीण. शिकवणीचा वर्ग बंद पडून रिकामी झालेली एक लांबट खोली भाड्यानं मिळाली. खोलीचा मालक कापूस-सोयाबीन पिकवणारा, कपाळाला टिळा लावणारा माणूस. "देवाचंच नाव घ्यान ना? मंग घ्या," एवढंच म्हणाला आणि किल्ली दिली.

पहिली दोन वर्षं मी जवळजवळ दर रविवारी गेले. भक्तीच्या आधी खुर्च्या पुसणं हे माझं काम. सकाळी पुसलेल्या खुर्चीवर दुपारी बोट फिरवलं तर बोट काळं व्हायचं. पहिल्या नाताळाला खोलीत माणसं मावली नाहीत, दाराबाहेर सतरंज्या टाकाव्या लागल्या. दाराशी एक म्हातारी बसलेली मी त्याच दिवशी पाहिली. ती ख्रिस्ती नव्हती. घर ढिवराचं, मुलं तलावावर आणि नदीवर मासे धरायची आणि ही बाजारात विकायची. आत येऊन बसा म्हटलं तर म्हणाली, अंगाला मासोळीचा वास येतो, इथीच बरी. पुढे ती दर रविवारी येऊ लागली. कोणी तिला काही विचारण्याआधीच तिनं सांगून टाकलं होतं, की देव तिच्या घरी आहेत, ती इथे गाण्यासाठी येते. आमच्या पाळकानं तिला कधी दुसरं काही म्हटलं नाही, याचं मला आजही बरं वाटतं.

उतरती कळा कधी लागली ते नेमकं सांगता येत नाही. कारखान्यातलं एका ठेकेदाराचं काम संपलं आणि चार-पाच कुटुंबं एका महिन्यात निघून गेली. मग तेलंगणातली दोन घरं गावी परतली. राहिलेल्यांच्या पाळ्या फिरत्या. या आठवड्यात पहिली पाळी, पुढच्यात दुसरी, मग रात्रीची. भक्तीची वेळ कोणतीही ठेवा, कोणीतरी कामावरच असायचं. पाळक मोटरसायकल घेऊन घरोघर जायचा आणि एकेकाला मागे बसवून आणायचा. पाळीवरून येऊन डोळे मिटत असलेली माणसं त्याला नाही म्हणू शकत नसत, आणि भक्तीत बसल्या बसल्या पेंगत.

तेवढ्यात धानोऱ्याकडून निरोप येऊ लागले. तिकडची मंडळी जुनी, जंगलातल्या पाच-सहा गावांची, आणि दोन वर्षं तिला पाळकच नव्हता. कमिटीत बोलणं सुरू झालं, की घुग्घुसला पाळक आहे पण माणसं नाहीत, आणि धानोऱ्याला माणसं आहेत पण पाळक नाही. प्रत्यक्ष जाऊन बघून यावं असं ठरलं. अध्यक्ष, कमिटीतले आणखी एक ज्येष्ठ आणि मी असे तिघे एका रविवारी न कळवता गेलो.

त्या दिवशी खोलीत पाच माणसं होती, दाराशी बसलेली म्हातारी धरून. पाळकानं संपूर्ण भक्ती घेतली, एकही गाणं गाळलं नाही, संदेशही पूर्ण दिला. माईक त्यानं बाजूला ठेवून दिला होता. आमच्याकडे बघताना त्याचा चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा झाला होता. अध्यक्ष कडक माणूस, पण त्यांनीही मान खाली घातली.

खोलीमागेच त्यांचं घर होतं; चहा करायला मी पाळकाच्या बायकोबरोबर तिकडे गेले. तिनं पातेलं गॅसवर ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करूनच बोलली.

"बाई, तुमी लोकं बंद करून टाका. हे सोताहून कधी म्हननार नाई."

मी कप पुसायला घेतले. मग तिनं सांगितलं, की तो शनिवारपासूनच जेवत नाही. खुर्च्या आधी वीस मांडायचा, मग बारा, आता आठ. खुर्च्या कमी असल्या की माणसं जास्त दिसतात म्हणतो. लोक आले नाहीत की आपल्याच प्रार्थनेत खोट आहे म्हणतो. पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हाही तो रविवारची भक्ती घेऊन मग दवाखान्यात आला होता. हे मला माहीत नव्हतं. मी जन्मभर नर्सगिरी केलेली बाई, दर रविवारी त्या घरात चहा प्यायलेली, आणि मला ते दिसलं नव्हतं.

"मी हे म्हनलं ते कोनाले सांगू नका," ती म्हणाली. मी शब्द दिला.

पुढच्या महिन्यात कमिटीची सभा झाली. एक-दोघं म्हणाले, आणखी वर्षभर बघू. सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे होतं. मंडळी मीच सुरू करायला लावली होती, तेव्हा मीच तिच्यासाठी भांडणार असं त्यांनी धरलंच होतं. बंद करायच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करा, असं अध्यक्ष म्हणाले आणि मी हात वर केला. का, ते कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. माझ्या मागोमाग आणखी हात वर झाले.

घुग्घुसला जाऊन सांगायचं काम अध्यक्षांनी आणि मी घेतलं. पाळकाला आदल्या दिवशी फोनवर कळवलं होतं. तो शांत होता. घुग्घुसच्या कुटुंबांनी पुन्हा चंद्रपूरला यावं, गाडीची सोय करता येते का ते बघू, असं अध्यक्षांनी नीट, सावकाश सांगितलं.

खाणीत डंपर चालवणारा एक माणूस पुढच्या खुर्चीत बसला होता. मंडळीत पहिल्या दिवसापासून असलेला, इथलाच. त्याच्या धाकट्या मुलीचा बाप्तिस्मा याच खोलीत झाला होता आणि त्याच्या बापासाठी शेवटची प्रार्थनाही इथेच झाली होती. तो उठून उभा राहिला.

"आमाले कोनी इचारलं काऊन नाई?"

अध्यक्ष म्हणाले, आम्ही येऊन बघून गेलो होतो.

"तुमी आले तेव्हा माही सेकंड शिफ्ट होती, भाऊ. तुमाले पाच लोकं दिसले. मी खाली खदानीत डंपरवर होतो. दोघं जनं माह्यासंगच होते. आमी मोजल्या गेलोच नाई."

तो म्हणाला ते अक्षरशः खरं होतं. जायच्या आधी पाळ्यांचा विचार आम्ही तिघांपैकी एकानंही केला नव्हता. मी उठले आणि त्याची माफी मागितली. चूक आमची आहे, म्हणाले. पण निर्णय बदलेल असं मात्र मी म्हणू शकले नाही, आणि तेच त्याला ऐकायचं होतं. तो माझ्याकडे न बघता बाहेर गेला. मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. त्याची बायको दोन्ही मुलींना घेऊन बसूनच राहिली.

निघताना दाराशी म्हातारीनं माझा हात धरला. काय चाललंय ते तिला पुरतं समजलं नसावं असं मला वाटलं होतं. पण तिला सगळं समजलं होतं.

"मंग आता आयतवारी मी कुठी बसू?"

मी तिला म्हटलं, बघू. दवाखान्यात मी हा शब्द हजारदा वापरला होता. त्याचा अर्थ काय असतो ते तिलाही कळलं असणार.

शेवटच्या भक्तीला खोली भरली. चंद्रपूरहून आम्ही वीसेक जण गेलो होतो. ठेकेदाराबरोबर गेलेल्यांपैकी एक कुटुंब लांबून आलं. डंपरवालाही आला. पाळी बदलून घेतली होती म्हणे. तो सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून उभा राहिला. भाकर आणि द्राक्षरस वाटून प्रभुभोजन झालं. मग पाळकानं दोन शब्द बोलायला घेतले, आभार मानले, आणि मध्येच थांबला.

"खरं सांगतो," तो म्हणाला, "हे ऐकल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. आणि तसं वाटल्याची मला लाज वाटते. तुम्ही मला माफ करा."

त्याची बायको पदरात तोंड लपवून रडू लागली. मी डंपरवाल्याकडे पाहिलं. इतके दिवस तो पाळकावरही चिडून होता, लढला नाही म्हणून. तो गर्दीतून वाट काढत पुढे गेला आणि पाळकाच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. नंतर पाळकाचं सामान पिकअपमध्ये चढवायला तोच सगळ्यात आधी वाकला.

माझ्याशी मात्र तो त्या दिवशीही बोलला नाही.

पाळक धानोऱ्याला गेला. पहिल्याच पावसाळ्यात त्याला मलेरिया झाला, पण त्यातून उठला. मोहाच्या आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत तिकडेही चर्च रिकामंच असतं, सगळे जंगलात असतात. पण आता तो ते मनाला लावून घेत नाही, असं त्याची बायको फोनवर सांगते. त्यांना मुलगा झाला आहे.

गाडीची सोय काही झाली नाही. घुग्घुसची माणसं दोन-तीन रविवार चंद्रपूरला आली, मग येईनाशी झाली. मी डंपरवाल्याच्या घरी जायचं ठरवलं. पहिल्यांदा गेले तेव्हा बायकोनं चहा दिला आणि तो आतून बाहेर आला नाही. दुसऱ्यांदा तो कामावर होता. तिसऱ्यांदा मी गेले तो रविवार होता, आणि आतून गाण्याचा आवाज येत होता.

दारातून पाहिलं तर सात-आठ माणसं चटईवर बसलेली. म्हातारीही होती. या वेळी दाराशी नाही, भिंतीशी, डंपरवाल्याच्या मोठ्या मुलीशेजारी. गाणं संपेपर्यंत मी उभी राहिले. मग डंपरवाल्यानं सरकून जागा केली आणि मी बसले.

प्रार्थना झाल्यावर त्यानंच सांगितलं. प्रत्येक आठवड्याला ते पाळ्यांचा तक्ता बघतात. ज्या घरच्या माणसाची रविवारी सुट्टी किंवा पहिली पाळी असेल, त्या घरी जमायचं. वेळही त्याच हिशेबानं, कधी सकाळी, कधी संध्याकाळी. म्हातारीला आणायला कोणीतरी जातं. इतक्या वर्षांत ही साधी गोष्ट आम्हा कमिटीवाल्यांना सुचली नव्हती, आणि पाळकालाही नाही. मी तसं म्हटलं.

"पन याले मंडळी म्हनू नका, बाई," तो म्हणाला. "नाई तं तुमी येऊन बंद करान."

त्याच्या बायकोला हसू आवरेना. मीही हसले, पण तो हसत नव्हता. मग थोडासा हसला.

माझा हात त्या दिवशी वर गेला ते बरोबर होतं की नाही, हे मला अजून सांगता येत नाही. धानोऱ्याचं त्यांचं लेकरू आठवलं की वाटतं बरोबर होतं. "आमी मोजल्या गेलोच नाई" हे शब्द आठवले की वाटतं, निदान तसं नको होतं करायला. कमिटीत मी घुग्घुसच्या या घरांबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. अध्यक्षांनी एकदा विचारलं, तिकडची माणसं कशी आहेत? मी म्हटलं, बरी आहेत.

मी चटईवर बसले त्या रविवारी संध्याकाळी डंपरवाल्यानं मला मोटरसायकलवरून बसस्टँडवर सोडलं. बस यायला वेळ होता. जा म्हटलं तरी तो थांबला. बस आली तेव्हा माझी पिशवी वर चढवून देत म्हणाला, पुढच्या रविवारी त्याची पहिली पाळी आहे, तीननंतर या.